घर बंद करून निघालो तेव्हा

सकाळी उठल्यावर आजोबांना आधी बाहेरचं तापमान हवं असायचं, चहा नंतर. स्वयंपाकघराच्या खिडकीबाहेर एक गोल तापमापक लावलेला होता. त्यावरचे आकडे फॅरनहाइटमध्ये असत आणि ते आजोबांना पटत नसत. "आपल्या मापात किती?" असं ते विचारायचे आणि मी शाळेची बॅग भरता भरता हिशेब करून सांगायचे. बत्तीस वजा, पाचने गुणिले, नऊने भागिले. डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात एकदा उत्तर उणे अठरा आलं, तेव्हा त्यांनी मला ते पुन्हा करायला लावलं. पुन्हा तेच आलं. "एवढं तर फ्रीजच्या वरच्या कप्प्यात असते," ते म्हणाले. त्यांनी कानटोपीवर आणखी एक मफलर गुंडाळला आणि ते खिडकीपाशी उभे राहिले. मी पिवळ्या बसमध्ये चढेपर्यंत ते तिथे असत, हे मला बसमधून दिसायचं.

अमेरिकेत, बोस्टनजवळच्या श्रूजबरीतलं आमचं घर जुनं, लाकडी आणि दोन मजली होतं. बेसमेंटमध्ये तेलावर चालणारा बर्नर होता. तो सुरू झाला की जमिनीखालून घुर्र असा आवाज यायचा आणि थोड्या वेळाने भिंतींच्या कडेने गेलेल्या नळ्या टकटक वाजायला लागायच्या. त्या नळ्यांतून गरम पाणी फिरायचं आणि त्यामुळे घर उबदार राहायचं. हे मला माहीत होतं, कारण घर घेतल्यावर बाबांनी मला खाली नेऊन दाखवलं होतं. आजोबांना कोणी तसं नेऊन दाखवलं का, ते मला माहीत नाही. ते नळ्या झाकणाऱ्या पत्र्यावर मोजे वाळत घालायचे आणि म्हणायचे, "गिझर चांगला आहे तुमचा."

ते ऑगस्टमध्ये नागपूरहून आले होते. आजी जाऊन तेव्हा वर्ष झालं होतं. त्यांचा व्हिसा पाहुण्याचा होता, सहा महिन्यांचा. घरातले मोठे सगळे त्यांना अण्णा म्हणायचे. वीज मंडळात ते लाइनमन म्हणून लागले होते आणि सुपरवायझर होऊन निवृत्त झाले होते. त्यांच्या उजव्या तळहातावर भाजल्याची एक गुळगुळीत खूण होती. ती कशी झाली हे त्यांनी मला तीन वेळा सांगितलं आणि तिन्ही वेळा वेगळं सांगितलं. आई वुस्टरला एका प्रयोगशाळेत नोकरीला लागली होती आणि बाबा सहानंतर यायचे. त्यामुळे तीन ते सहा घरात आम्ही दोघंच असायचो. त्या तीन तासांत त्यांनी मला मराठी वाचायला शिकवलं. पुस्तक नव्हतं. नागपूरहून येताना त्यांनी लोणच्याच्या बरण्या वर्तमानपत्रात गुंडाळून आणल्या होत्या, तेच कागद इस्त्रीने सरळ करून आम्ही वाचायचो. निधनवार्ता, टेंडरच्या जाहिराती, गुरांच्या बाजाराचे भाव. मध्येच ते उठून तर्री-पोहे करायचे. तर्री इतकी तिखट असायची की माझ्या डोळ्यांतून पाणी यायचं, आणि ते विचारायचे, "काय झालं? टेंडर नाही भेटलं का?"

मला ते कायमचे राहायला हवे होते. त्या वर्षी मला दुसरं काही हवं होतं असं आठवत नाही. आणि ते राहतील अशी चिन्हंही होती. बाबांचे मोठे भाऊ, माझे काका, न्यू जर्सीत राहायचे. ते आमच्या आधी अमेरिकेत आले होते आणि नागरिक झाले होते, म्हणून आजोबांच्या ग्रीन कार्डचा अर्ज त्यांनी करायचा, असं दिवाळीत फोनवर ठरताना मी ऐकलं होतं. अर्ज आमच्याकडे छापून ठेवलेला होता. पहिलं पान बाबांच्या अक्षरात भरलेलं होतं, बाकीची कोरी होती. ख्रिसमसला आम्ही काकांकडे जाणार होतो. आम्ही ख्रिस्ती नव्हतो, पण दोन्ही घरच्या चारही नोकरदारांना एकाच वेळी रजा मिळायची ती त्याच दिवसांत. तेव्हा माझा समज असा होता की न्यू जर्सीला जायचं, काकांनी सही करायची, आणि आजोबा राहणार. हा समज मला कोणी करून दिला नव्हता. कोणी तो खोडलाही नाही.

निघालो ती सकाळ मी बऱ्याचदा आठवून पाहिली आहे. पुढे अनेक वर्षं माझं काम दुसऱ्यांनी सांगितलेल्या घटना क्रमाने लावायचं होतं. ही घटना माझी स्वतःची असूनही तिचा क्रम मला पक्का लावता आलेला नाही. जे नक्की आहे ते असं. बाबा बाहेर गाडीच्या काचेवरचा बर्फ खरवडत होते आणि गाडी चालू होती. आई डबे भरत होती आणि इंटरनेटवरून छापलेले रस्त्याचे कागद शोधत होती. आजोबा घर बंद करत होते.

घर बंद करणं हे त्यांच्यासाठी काम होतं आणि त्याला ठरलेला क्रम होता. नागपुरात ते एका रात्रीसाठी बाहेर पडले तरी सिलिंडरची चावी, मग नळ, मग गिझर, मग मेन स्विच, मग कुलूप, आणि कुलूप तीनदा ओढून पाहणं. मेन स्विच चालू ठेवून जाणाऱ्या माणसांबद्दल ते वाईट बोलायचे. त्या सकाळी त्यांनी दारात उभं राहून विचारलं, "संजू, मेन स्विच कुठं आहे?"

"अण्णा, इथे मेन स्विच बंद नाही करत," बाबा बाहेरून ओरडले. "फ्रीज आहे, सगळं आहे."

"मग काय बंद करायचं?"

"काही नाही हो. दिवे तेवढे बघा आणि या लवकर. थंडी केवढी आहे!"

आजोबा माझ्याकडे वळले. "अनू, तळघरातला दिवा पाहून ये बरं. मी वरचे पाहतो."

मी बूट घातलेले होते. आईने बूट घालून घरात फिरू नको म्हटलं होतं, म्हणून मी चवड्यांवर पळत गेले. बेसमेंटच्या जिन्याच्या तोंडाशी भिंतीवर दोन स्विच शेजारी शेजारी होते, तिकडच्या पद्धतीने खाली केले की बंद होणारे. एक साधा, पांढऱ्या पट्टीवरचा, दिव्याचा. दुसरा लाल पट्टीवरचा, बर्नरचा, त्यावर इमर्जन्सी असं लिहिलेलं. हातमोजे घातलेले होते. मी तळहाताने भिंतीवर वरून खाली फटका मारला आणि दिवा गेला. माझ्या हाताखाली एक स्विच आला की दोन, हे मी पाहिलं नाही. घुर्र थांबल्याचं मला आठवतं. पण बर्नर दिवसातून कितीतरी वेळा आपोआप थांबायचा, त्यामुळे या आठवणीवरून काहीच सिद्ध होत नाही. मी गाडीत जाऊन बसले. त्यानंतर आजोबा म्हणाले, "मी एकदा पाहतो," आणि पुन्हा आत गेले. किती वेळ? दोन मिनिटं असतील, पाच असतील. बाबांनी हॉर्न वाजवला. आजोबा आले, कुलूप लावलं, तीनदा ओढलं.

काकांच्या घरी दिवाणखान्यात प्लॅस्टिकचं झाड होतं आणि त्यावर लुकलुकणारे दिवे. काकूने झाडाच्या शेंड्यावर चांदणीऐवजी दिवाळीचा छोटा आकाशकंदील अडकवला होता. आजोबांनी आल्या आल्या झाडामागे वाकून वायरिंग पाहिलं आणि एका प्लगमध्ये तीन माळा लावल्याबद्दल काकांना बोलले. काका म्हणाले, "अण्णा, बसा आधी. मंडळाची गाडी उद्या बोलावू." सगळे हसले. तिकडेही थंडी होती. वारा घराच्या उत्तरेच्या भिंतीवर आदळायचा आणि पोस्टाच्या पेटीचं झाकण वाजायचं. काकू रात्रीपर्यंत पाटवड्या थापत होती आणि आई रश्शाचा मसाला भाजत होती. खसखस आणि सुकं खोबरं भाजल्याचा वास वरच्या खोल्यांपर्यंत गेला होता. धुराच्या अलार्मने दोनदा बोंब मारली आणि दोन्ही वेळा आजोबा टॉवेल घेऊन त्याच्याखाली धावले.

पण त्या घरात काहीतरी चाललं होतं आणि ते मला कळत नव्हतं. मी खोलीत शिरले की काकू विषय बदलायची. उणे तापमानात बाबा आणि काका दोघंही अर्धा तास गॅरेजमध्ये उभे होते, आणि त्या दोघांपैकी कोणीच सिगारेट ओढत नाही. आमच्या घरून आणलेली अर्जाची फाइल जेवणाच्या खोलीतल्या कपाटावर, काचेच्या बशांशेजारी ठेवलेली होती. मी ती येता-जाता पाहायचे. ती हललेली नसायची. माझी चुलतबहीण नेहा तेव्हा सतरा वर्षांची होती. तिला मी विचारलं, "काकांनी साइन केलं का?"

"आय डोन्ट नो, यार," ती म्हणाली. "सगळे वीअर्ड वागतायत. मॉमने मला सांगितलं, बी एक्स्ट्रा नाइस टु आजोबा."

"का?"

"दॅट्स व्हॉट आय सेड!"

दुसऱ्या दिवशी सकाळी झाडाखालची पुडकी उघडली. मला एक स्वेटर आणि एक कॅमेरा मिळाला. आजोबांचं पुडकं सगळ्यांत मोठं होतं. त्यांनी चिकटपट्टी नखाने सोडवली, चमकता कागद न फाडता घडी करून बाजूला ठेवला. आत चार चाकांची नवी सुटकेस होती.

"पेटी कशाला?" आजोबा म्हणाले.

"असू द्या अण्णा," काकू म्हणाली. "तुमच्या जुनीची चाकं गेलीत."

"चाकं गेली तर गेली. मला कुठं जायचं आहे?"

काका झाडाच्या दिव्यांचं बटण शोधायला वाकले. मला तेव्हा वाटलं की वस्तू आवडली नाही हे आजोबांनी तोंडावर सांगायला नको होतं.

जेवणाला एक वाजला. टेबलावर पाटवडी रस्सा, पोळ्या, वरणभात, कांद्याची कोशिंबीर, आणि नेहाच्या हट्टाखातर दुकानातून आणलेली भाजलेली कोंबडी. काकूने आजोबांना पहिलं वाढलं. बाबांनी घसा साफ केला, काकांकडे पाहिलं आणि म्हणाले, "जेवून घेऊ आधी." त्यांचा घडीचा फोन वाजला तो तेव्हाच.

फोन आमच्या शेजारच्या बाईंचा होता. डोना त्यांचं नाव. त्या एकट्या राहायच्या आणि आमची एक किल्ली त्यांच्याकडे असायची. बाबा उभे राहिले. बोलताना ते फक्त "ओह नो" आणि "व्हेअर" एवढंच म्हणत होते. कुत्र्याला फिरवताना त्यांना आमच्या गॅरेजच्या दाराखालून पाणी येताना दिसलं होतं. ते रस्त्यापर्यंत येऊन गोठलं होतं. त्या किल्लीने आत गेल्या तर छतातून पाणी पडत होतं. नळ्या गोठून फुटल्या होत्या. अग्निशमन दलाच्या माणसांनी येऊन पाणी बंद केलं. बाबांनी फोन मिटला.

"लाल स्विच बंद आहे म्हणतायत."

"कुठला लाल?" आई म्हणाली.

"बर्नरचा. बेसमेंटच्या दारातला. कालपासून घरात हीटच नाहीये."

सगळ्यांनी आजोबांकडे पाहिलं. मीही पाहिलं, कारण सगळे पाहत होते. आजोबा पोळीचा तुकडा मोडत होते.

"अण्णा?" बाबा म्हणाले.

"त्याच्यावर इमर्जन्सी लिहिलेलं आहे," आजोबा म्हणाले. "इमर्जन्सीचा स्विच चालू ठेवून घराबाहेर कोण जाते?"

"अण्णा, तो हीटिंगचा आहे! हीटिंग बंद केल्यावर पाणी गोठणार नाही का?"

"मला वाटलं गिझरचा."

"आयुष्यभर आख्ख्या नागपूरची लाइट घालवली, मन नाही भरलं?" काका म्हणाले. ते हसवायला म्हणाले असावेत. कोणी हसलं नाही.

"घालवणारे वेगळे," आजोबा म्हणाले. "मी आणणाऱ्यांतला."

मग बाबा माझ्याकडे वळले. "अनू, तू पण गेली होतीस ना खाली? तुला दिसला का तो स्विच?"

मला काय दिसलं होतं आणि काय नव्हतं, ते वर लिहिलं आहे. तेव्हाही मला एवढंच माहीत होतं. मी म्हणाले, "माझ्यानंतर आजोबा गेले होते."

ते खरं होतं. पुढे बातमीच्या टेबलावर मी अशी पुष्कळ वाक्यं छापली असतील, ज्यांत एकही शब्द खोटा नसतो आणि वाचणाऱ्याला जे वाटायचं ते वाटून जातं. हे माझं पहिलं. बाबांनी परत आजोबांकडे पाहिलं.

"बरोबर सांगते ती," आजोबा म्हणाले. "माझ्यानंतर कोणी गेलं नाही."

आज ते संभाषण जसंच्या तसं मांडलं की लक्षात येतं, 'मी बंद केला' असं आजोबा एकदाही म्हणाले नाहीत. इमर्जन्सीचा स्विच चालू ठेवू नये असं म्हणाले, तो गिझरचा वाटला असं म्हणाले, आपण शेवटचे होतो असं म्हणाले. पण त्या टेबलावर तेवढं पुरलं.

"हे असं आहे, संजू," काका म्हणाले. "आमच्याकडे तुझी वहिनी दिवसभर ऑफिसात. उद्या गॅस चालू राहिला तर?"

"दादा, आत्ता नको."

"जेवू द्या हो त्यांना," काकू म्हणाली आणि आजोबांच्या ताटात आणखी एक पाटवडी वाढली. आजोबांनी ती खाल्ली. सगळ्यांत शेवटपर्यंत तेच जेवत होते. बाबा आणि काका न जेवता गाडी काढून उत्तरेला, आमच्या घराकडे निघाले.

आम्ही दोन दिवसांनी गेलो. जेवणाच्या खोलीचं छत टेबलावर आलं होतं. गालिच्यावर चालल्यावर कुरकुर आवाज यायचा, त्यात बर्फ होता. पायऱ्यांवरून उतरलेलं पाणी कडेकडेने गोठलं होतं. वर्तमानपत्रांचे सरळ केलेले कागद एकमेकांना चिकटून त्यांचा एक ओला ठोकळा झाला होता. आजोबांनी तो हातात घेऊन पाहिला आणि कचऱ्याच्या काळ्या पिशवीत टाकला. दुरुस्ती होईपर्यंत आम्ही महामार्गालगतच्या एका हॉटेलात राहिलो. दोन पलंग, एक छोटी शेगडी. तिथे एका दुपारी आई-बाबा घरी गेलेले असताना मी आजोबांना सांगितलं.

"तो स्विच मी पण बंद केलेला असेल."

ते पोह्यांसाठी कांदा चिरत होते. "किती बंद केले तू?"

"माहीत नाही. मी हाताने असं केलं." मी हवेत करून दाखवलं.

"एक केला की दोन?"

"आय डोन्ट नो, आजोबा."

"माहीत नाही ना? मग माहीत नाही ते सांगत नको फिरू." त्यांनी कांदा तेलात सोडला. "सरक तिकडे. उडेल अंगावर."

म्हणजे त्यांनी स्वतः जाऊन पाहिलं तेव्हा लाल स्विच आधीच खाली होता का? तो पाहून त्यांना पोरीने काम नीट केलं असं वाटलं का? की तो चालू होता आणि त्यांनी बंद केला? एवढे तीन साधे प्रश्न होते आणि उत्तर देणारा माणूस हाताच्या अंतरावर होता. मी विचारले नाहीत. मला भीती होती की उत्तर मिळेल.

जानेवारीच्या मध्यावर ते नागपूरला परत गेले. आता त्यांना इथे एकटं ठेवणं बरं नाही, असं घरात सगळे म्हणत होते आणि स्विचचा उल्लेख व्हायचा. बोस्टनच्या विमानतळावर त्यांना बूट काढायला लावले. मोज्यांवर उभे राहून त्यांनी आमच्याकडे हात केला. ते माझ्यामुळे गेले, असं मी धरून चालले. हे मी कोणाला बोलले नाही. तेरा वर्षांची होते तेव्हा बोलले नाही, सोळाची झाले तेव्हाही नाही. रविवारी कॉलिंग कार्डावरून त्यांचा फोन लागला की मी थोडक्यात बोलून रिसीव्हर बाबांकडे द्यायचे. ते थंडी किती आहे विचारायचे. मी फॅरनहाइटमध्ये सांगायचे आणि हिशेब करून द्यायचे नाही. असं का करत होते ते तेव्हा मला समजत नव्हतं.

मी अठरा वर्षांची झाले त्या वर्षी आजोबा गेले. बाबा नागपूरला जाऊन सगळं करून परत आले त्या दुपारी आम्ही दोघंच घरात होतो. त्यांनी डोक्यावरचे केस काढले होते आणि ते चहा करत होते. मी त्यांना सगळं सांगितलं, या प्रकरणात लिहिलं आहे त्याच क्रमाने. फटका, मोजे, दोन स्विच, माझं ते वाक्य. ते माझ्याकडे पाठ करून ऐकत होते. चहा उतू गेला, त्यांनी गॅस बारीक केला.

"त्याच्यामुळे नाही गेले ते," ते म्हणाले. "त्यांच्या परतीच्या तिकिटाची जानेवारीची तारीख मी नोव्हेंबरातच कन्फर्म केली होती."

"मग तो अर्ज?"

"दादा करणार होता. मग त्यांच्याकडेही जमेना, आपल्याकडेही जमेना. तुझ्या आईची नोकरी नवीन. अण्णांचा इन्शुरन्स नव्हता. असं एक-एक." त्यांनी फडक्याने शेगडी पुसली, जिथे पुसून झाली होती तिथे पुन्हा पुसली. "दोघांनी मिळून ठरवलं होतं."

"आजोबांना कधी सांगितलंत?"

"ख्रिसमसला सांगणार होतो. जेवणं झाल्यावर." त्यांनी दोन कप काढले आणि चहा गाळायला घेतला. "मग तो फोन आला. मग सांगावंच लागलं नाही."